पाल्याचं पाणी

आमच्या मागच्या दारी शेवग्याचं झाड आहे. त्याच्याबद्दल आई लोकांना जे जे सांगायची ते बहुतेक सगळं खरं आहे, हे मी आधीच सांगून टाकते; नाहीतर पुढचं ऐकून कुणीतरी झाडालाच नावं ठेवायला लागेल. झाडाचा काही दोष नाही. दोष माझा आहे, आणि माझ्या तोंडाचा तर फारच.

आईनं पस्तीस वर्षं एका शाळेत झाडलोट केली, पण गल्लीत तिला ओळखतात ते पाल्यामुळे. बाळंतिणीला दूध कमी येतंय, या आईकडे. पोरीच्या अंगात रक्त नाही, या आईकडे. कुणाचे गुडघे धरलेत, कुणाला अंधारात नीट दिसत नाही, कुणाचं पोट चार दिवस साफ नाही, सगळ्यांवर आईचा एकच उतारा. कोवळा पाला पोटात, जून पाला वाटून गुडघ्यावर, फुलं खोकल्याला, आणि शेंगा सगळ्यालाच. फक्त मुळाला ती कुणाला हात लावू द्यायची नाही. "मूळ वाईट. पोटुशी बाई असेल तर अजिबात नको," असं बजावून सांगायची. म्हणजे बाई काही आंधळेपणानं पाला वाटत नव्हती. कशात काय वाईट आहे हे तिला एकदा कळलं की ती ते जन्मभर विसरायची नाही. हे मला नंतर फार आठवलं.

मी तिची चेष्टा करायची. "आई, बस चुकली तर काय घ्यायचं गं? फुलं की शेंगा?"

"तुझ्या जिभेला काय लावायचं तेवढंच अजून सापडलेलं नाही मला," आई म्हणायची.

माझा धाकटा भाऊ बारक्या हा तिचा पुरावा होता. दोन वर्षांचा असताना तो जुलाबांनी इतका खंगला की मान धरेना. दवाखान्यातून त्याला घरी पाठवलं. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही, आईला कळला. पोटात काहीच ठरत नव्हतं. मग आईनं पाला उकळून त्याचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजायला सुरुवात केली. मी तेव्हा सात वर्षांची. आई कामावर गेली की चमचा माझ्या हातात. हिरवट, कडसर पाणी. अर्धं त्याच्या घशात, अर्धं माझ्या फ्रॉकवर. महिन्याभरात तो उठून बसला. पाण्यानं बसला की त्याचं आयुष्य होतं म्हणून बसला, कुणी सांगावं. पुढे तो सहा फूट वाढला, चाव्या बनवायचं दुकान टाकलं, तरी नाव आपलं बारक्याच राहिलं.

चौतिसाव्या वर्षी त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. रक्तदाब कधी वाढला, किती वर्षं वाढलेला होता, कुणाला पत्ता नाही. तो कधी तपासायला गेलाच नव्हता. मग सोमवार आणि गुरुवार, चार-चार तास डायलिसिसचं मशीन. दिवसाला पाऊण लिटर पाणी. चहा त्यातच, औषधाचा घोटही त्यातच. त्यानं एका बाटलीवर चावी घासायच्या कानशीनं रेघा मारल्या होत्या. सकाळची रेघ, दुपारची रेघ, झोपायच्या वेळची रेघ. उन्हाळ्यात तो दुकानात बसून बर्फाचा एक खडा अर्धा तास चघळायचा. तहान काय असते ते मी त्याच्याकडे बघून शिकले.

मी त्याच रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात ताटं भरते. अठरा वर्षं झाली. ताटावर पिवळी पट्टी साखरवाल्यांची, निळी बिनमिठाची, लाल किडनीची. लाल पट्टीची भाजी आमच्याकडे वेगळी शिजते. बारीक चिरायची, कोमट पाण्यात भिजत घालायची, मग मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात उकडायची आणि ते पाणी ओतून द्यायचं. भाजीतलं पोटॅशियम पाण्यात उतरतं. चांगल्या माणसाला पोटॅशियम हवंच असतं, त्याची किडनी जास्तीचं बाहेर काढते. डायलिसिसवाल्याच्या अंगात ते साठत जातं, आणि फार साठलं की हृदय बंद पडतं. दुखतखुपत नाही, आधी फारसं कळतही नाही. हे सगळं मला पाठ होतं. कुणी लाल ताटात टोमॅटोची फोड ठेवली तर मी आख्खं स्वयंपाकघर डोक्यावर घ्यायची. मला तिथं मागून 'हेडबाई' म्हणतात. मला ते आवडायचं.

बारक्याला किडनी द्यायची म्हणून आईनं पहिल्या दिवशीच हात वर केला. तिला साखर होती, डॉक्टरांनी नाही म्हटलं. मग माझी तपासणी झाली आणि माझी जुळली. आईला आनंद झाला, खूप झाला. तिसऱ्या दिवशी धुणं वाळत घालताना म्हणाली, "मी जन्म दिला आणि मलाच त्याला द्यायला काही नाही."

"पाला आहे की," मी म्हणाले. माझ्या जिभेला हाड नाही ते असं.

ऑपरेशनची तारीख मिळाली. सात आठवडे मध्ये होते. "एवढे दिवस त्याला नीट ठेवा," डॉक्टर म्हणाले, "बाकी आमच्यावर सोडा." मी घरी लाल पट्टीचा कारभार सुरू केला. केळी बंद, नारळपाणी बंद, सुकामेवा बंद. आणि शेवगा बंद.

शेवग्यावरून आई अडून बसली. मशीनवरून तो पांढराफटक होऊन यायचा आणि मागच्या दारी झाड हिरवंगार. तिला ते बघवेना. "सगळ्या गल्लीला देते आणि माझ्याच पोराला नाही?" रोज तेच. शेवटी मी रुग्णालयातल्या आहाराच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, आठवड्यातून एकदा, दोन चमचे, चांगला उकडून पाणी काढून टाकलेला असेल तर चालेल. त्याच्याही जिवाला बरं वाटेल. मला वाटलं, चला, कटकट मिटली.

रविवारी मी आईला ओट्याशी उभं करून दाखवलं. मूठभर पाला, पातेलंभर पाणी. उकळी आली, पाणी हिरवं झालं, वास घरभर सुटला. मी गाळणीवर पाला निथळला. खाली भांड्यात ते गडद पाणी.

"हे टाकून द्यायचं," मी म्हणाले.

"सगळं?"

"सगळं. याच्यात जे काही असतं ना, ते सगळं या पाण्यात उतरतं."

आई भांड्याकडे बघत राहिली. "आणि पाल्यात काय राहतं?"

"पाल्यात काय राहायचंय? चोथा."

"म्हणजे जे काय आहे ते पाण्यात."

"हो गं बाई, पाण्यात! किती वेळा सांगू?"

"कळलं," आई म्हणाली.

तिला पोटॅशियम काय ते मी सांगितलं नाही. आठवीपर्यंत शिकलेली बाई, समजलं असतं तिला. पण मला कामावर जायचं होतं, आणि तिला समजावत बसायचं म्हणजे दहा प्रश्न. मी पाणी मोरीत ओतलं, पाल्यावर चिमूटभर हळद टाकून परतून दिला, बारक्यानं दोन चमचे खाल्ला आणि म्हणाला, "कागद खाल्ल्यासारखं लागतंय." आम्ही तिघंही हसलो. पुढच्या वेळेपासून ते काम मी आईवर सोपवलं.

तीन आठवडे बरे गेले. चौथ्या आठवड्यात रक्ताचा अहवाल आला आणि डॉक्टरांनी मला वर बोलावून घेतलं. पोटॅशियम साडेसहाच्या वर; पाचच्या आसपास हवं ते. "काय खातोय तो? असंच राहिलं तर ऑपरेशन पुढे ढकलावं लागेल. तोवर टिकला तर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच त्याच्या दुकानात गेले. चावीचं मशीन चालू होतं, समोर दोन गिऱ्हाइकं उभी. मी खण उघडले, डबे उघडले, त्याच्या कामाच्या कोटाचे खिसे उलटे केले. कचऱ्याच्या डब्यात केळ्याची साल सापडली.

"ही कुणाची?"

बारक्यानं सालीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. क्षणभर काहीतरी बोलणार होता. मग म्हणाला, "माझीच."

"किती खाल्लीस?"

"एक. म्हणजे... रोज एक."

मी गिऱ्हाइकांसमोर त्याला जे बोलले ते इथं लिहीत नाही. त्यातलं सगळ्यात हलकं हे होतं की, तुला मरायचंच असेल तर माझं पोट कशाला फाडून घेऊ? तो खाली मान घालून मशीनवरचा पितळेचा भुसा बोटानं गोळा करत होता. "चुकलं ताई," म्हणाला. केळं त्याच्या शेजारच्या शिंप्याचं होतं. हे शिंप्यानंच मला फार नंतर सांगितलं, पण तोवर सांगून काही उपयोग नव्हता.

घरी येऊन मी आईलाही फैलावर घेतलं. लक्ष ठेव म्हणाले, चोरून खातोय म्हणाले. आई घाबरून गेली. "केळं? मग अशक्तपणा का येतोय त्याला?" "म्हणूनच येतोय!" मी ओरडले. मी ओरडायला लागले की आमच्या घरात पुढे कुणी बोलत नाही.

पुढच्या आठवड्यातल्या रविवारी माझी सकाळची पाळी होती. नाश्त्याची ताटं चालली होती. साडेनऊला खाली निरोप आला की तुमच्या भावाला आणलंय. मी धावत वर गेले तेव्हा माझ्या डाव्या हाताच्या बोटांवर लाल पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. पटापट लावता याव्यात म्हणून आम्ही तशा घेऊन ठेवतो. बारक्या खाटेवर होता. म्हणाला, "ताई, पाय उचलत नाहीयेत." त्याला कळ नव्हती, धाप नव्हती. मशीन जोडायला माणूस निघाला होता. सिस्टर सुई भरत होती. हृदयाचे ठोके दाखवणाऱ्या पडद्यावरची रेघ आधी रुंद झाली, मग तिला काही आकारच राहिला नाही. त्यांनी चाळीस मिनिटं प्रयत्न केले. मी दाराशी उभी राहून बोटांवरच्या पट्ट्या एकेक करून काढल्या आणि भिंतीला लावत गेले. त्या अजून तिथं असतील.

"नऊच्या वर होतं," डॉक्टर म्हणाले. "काय खाल्लं होतं त्यानं?"

"केळी," मी म्हणाले. "चोरून खायचा."

त्यांनी मान हलवली आणि तसं लिहिलं.

माझ्या दोन्ही किडन्या माझ्याकडेच राहिल्या. रुग्णालयातून तारखेची आठवण करून देणारा फोनही आला. यादीतून नाव काढायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आई जेवायची, झोपायची, पण विचारल्याशिवाय बोलायची नाही. एकदाच आपणहून म्हणाली, "दोन दिवस चुकले गं माझे." मला वाटलं, काहीतरी बरळतेय. मी म्हणाले, "तुझं काही चुकलेलं नाही. त्याचं चुकलं." आणि खरं सांगायचं तर मला बारक्याचा राग होता. रडताना पण राग होता. एवढं मी करतेय, आणि याला एक केळं सोडवत नाही.

वीस-बावीस दिवसांनी ड्रायव्हरची बायको आली. तिचा नवरा माल वाहायची गाडी चालवायचा आणि सोमवार-गुरुवार बारक्याच्या शेजारच्या मशीनवर असायचा. मी मागच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. ती आईजवळ बसली, रडली, आईनं तिची पाठ थोपटली. मग ती म्हणाली, "मावशी, एक मागू का? हे म्हणत होते, तुम्ही बारक्यादादांना पाल्याचं पाणी द्यायचात म्हणून. दादा सांगायचे त्यांना, आईचं पाणी प्यायलं की तरतरी येते. यांना फार थकवा आहे हो हल्ली."

माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

"सकाळचं आहे, सवयीनं उकळलेलं," आई म्हणाली. कित्येक दिवसांनी तिच्या आवाजात जीव आला होता. "बाटली आणलीस? पण चुकवायचं नाही हं. रोज एक कप. माझे गुरुवार-शुक्रवार चुकले. गुडघा धरला होता, पाला खुडायला उठताच आलं नाही. शनिवारी भरून काढायला तीन कप दिलं. सकाळी पाय उचलेना तेव्हाही दिलं. पण उशीर झाला होता."

मी बाहेर आले. आई खाली बसून बाटलीत पाणी ओतत होती. बाटली ड्रायव्हरच्या बायकोची होती, पण शेजारी आईचा मापाचा स्टीलचा कप होता. बारक्याच्या बाटलीवरच्या रेघा मला आठवल्या. पाऊण लिटरच्या वर तो कधी गेला नाही. दर वेळी मशीनवर चढताना, अंगात पाणी साठलंय का बघायला घेतलेलं वजन बरोबर यायचं, म्हणूनच कुणाला शंका आली नाही. म्हणजे हा कप तो आपल्या वाट्याच्या पाण्यातून पीत होता. उन्हाळ्यात बर्फ चघळणारा माणूस, साधं पाणी सोडून हे कडू पाणी पीत होता, आईला बरं वाटावं म्हणून.

मी बाटली उचलली आणि मोरीत उलटी केली.

"अगं!" आई उठायला धडपडली. "काय करतेस?"

"वहिनी, हे त्यांना देऊ नका," मी ड्रायव्हरच्या बायकोला म्हणाले. "एक थेंबही नको. उद्या डॉक्टरांना विचारा. आता घरी जा." तिनं माझं तोंड पाहिलं आणि चप्पल अडकवून निघून गेली.

मग मी आईला सांगितलं. सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. पोटॅशियम म्हणजे काय, ते कुठं साठतं, हृदयाला काय करतं, पाणी का ओतायचं. हळू आवाजात सांगितलं. जे त्या रविवारी दहा मिनिटांत झालं असतं, ते आता दहा मिनिटांत झालं. आईनं मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. तिला समजलं, मुळाचं समजलं होतं तसंच.

"तू म्हणालीस, जे काय आहे ते सगळं पाण्यात उतरतं," ती म्हणाली.

"टाकून दे पण म्हणाले होते ना!"

"म्हणालीस. मला वाटलं, तुमच्या तिकडे टाकतात. तुमच्या तिकडे काय काय टाकतात." तिनं कप हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला. "वाईट आहे असं नाही म्हणालीस."

"मग मला विचारायचं होतंस. एकदा तरी."

आईनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर मला बरं झालं असतं.

"तो म्हणाला, ताईला सांगू नको, ती ओरडेल," आई म्हणाली.

त्यानंतर आम्ही दोघी तिथंच बसून राहिलो. ऊन मागच्या दारातून आत आलं आणि परत गेलं. मी झाड तोडते म्हणाले, तर आई म्हणाली, "त्यानं काय केलंय?" कधीतरी तिनं भात लावला. दोघींनी तो खाल्लाही.

काही दिवस आईनं मागचं दार उघडलंच नाही. लोक पुढून येऊन विचारायचे, ती नाही म्हणायची. मग एका सकाळी मी कामाला निघायच्या आधी, शेजारच्या गल्लीतली एक म्हातारी पिशवी घेऊन आली. तिची सून बाळंत झाली होती. मी स्वयंपाकघरात होते. आईनं दार उघडल्याचा आवाज आला.

"देते," आई म्हणाली. "पण आधी सांगा, घरात किडनीचं कुणी आहे? डायलिसिसवर कुणी?"

"नाही बाई."

"असेल तर त्याला पाला नाही, शेंग नाही, पाणी तर मुळीच नाही. बाळंतिणीला चांगलं तेच त्याला मारतं." ती थांबली. मला वाटलं झालं बोलून. "माझ्या पोराला मी रोज पाजलं. माझ्या हातानं. त्यानं गेला तो."

म्हातारी काहीतरी पुटपुटली, अगं, तुला काय माहीत, असलं काहीतरी.

"माहीत होतं," आई म्हणाली. "माझी मुलगी रुग्णालयातच असते. तिनं मला शंभरदा समजावून सांगितलं होतं, विष आहे म्हणून. नीट, शांतपणे सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही."

फांदी मोडल्याचा आवाज आला, मग पिशवीत पाला कोंबल्याचा. आता येणाऱ्या प्रत्येकाला ती हे सांगते, याच शब्दांत, आणि लोक बाहेर पडताना माझ्याकडे आदरानं बघतात. जन्मभर माझ्याकडे प्रत्येकाला द्यायला उत्तर तयार असायचं. त्या सकाळी मी ओट्याशी उभी होते, दार चार पावलांवर होतं. मी बाहेर गेले नाही.